चिंगीच्या पोटातली गाठ आणि कर्वेनगरचं क्लिनिक

आमची चिंगी पॉमेरेनियन कुत्री, वय 11, वजन साडेसहा किलो. जूनमधे अंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली लिंबाएवढं कडक काहीतरी हाताला लागलं. खाणं कमी झालेलं, पण वय झालं म्हणून आम्ही लक्ष दिलं नव्हतं. आधी ज्यांच्याकडे जायचो त्यांनी पोटाला हात न लावताच गॅस म्हणून सिरप दिलं, त्यात पंधरा दिवस गेले, त्याचा राग अजून आहे.

मग शेजारच्या काकूंनी हे क्लिनिक सांगितलं. इथल्या मॅडम टेबलावर न घेता खाली सतरंजीवर तिच्याजवळ बसल्या, दोन्ही हातांनी हळूहळू पोट चाचपलं, मधेच ओठ वर करून हिरड्या बघितल्या. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा ती एकदम गळून बसली तर आत रक्तस्राव होतोय समजा, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, हे पहिल्याच दिवशी बजावलं. नशिबाने सोनोग्राफीवाले डॉक्टर होते. स्प्लीनवर, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या प्लीहेवर, 4 सेंटिमीटरची गाठ. मी लगेच विचारलं, कॅन्सर आहे का? म्हणाल्या, सोनोग्राफीवरून नाही सांगता येत, काढून बायोप्सीला पाठवली की कळेल, आणि सुई घालून बघावं तर रक्त सुटायची भीती. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर अशा मोठ्या कुत्र्यांत वाईट गाठ जास्त दिसते, लहान कुत्र्यांत साधी निघायची आशा जास्त, पण खात्री देत नाही. मला हेच हवं होतं, खोटा धीर नको आणि उगाच घाबरवणंही नको.

ऑपरेशनआधी रक्त, प्लेटलेट, कुठे पसरलंय का बघायला छातीचे एक्सरे, आणि हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा आवाज, ऐकू आली म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मला वाटलं बिल वाढवतायत, पण लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांची झडप गळते आणि भूल कशी द्यायची ते त्यावर ठरतं, हे त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलं तेव्हा पटलं. स्प्लीन अख्खी काढली. एकूण 42 हजार झाले.

एक मोठी अडचण म्हणजे रात्री स्टाफ नसतो. स्प्लीन काढल्यावर एक-दोन दिवस हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून ईसीजीवर ठेवायचं होतं, त्यासाठी पहिली रात्र दुसऱ्या हॉस्पिटलला हलवावं लागलं, ताज्या टाक्यांची कुत्री मांडीवर, बाहेर धो धो पाऊस, प्रत्येक खड्ड्याला माझाच जीव वरखाली. हे आधी सांगायला हवं होतं.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला, साधी रक्ताची गाठ, हिमॅटोमा. मॅडमनी स्वतः फोन केला, मी गॅस बंद करून ओट्यापाशीच रडले.

स्प्लीन नसली की बबेसियासारखा गोचीडताप जास्त जोर करतो, म्हणून आता गोचिडाच्या गोळीची तारीख एक दिवसही चुकवत नाही. जाणार असाल तर आधी फोन करा, सोनोग्राफीवाले रोज नसतात, आणि नेताना उपाशी पोटी न्या.