टिळकवाडीतला रविवारचा ड्रॉइंग क्लास, शेडिंगपासून क्युबिझमपर्यंत

बेळगावात टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाकडं एका घराच्या माडीवर रविवारी सकाळी हा क्लास चालतो. माझी मुलगी सातवीत आहे, सुट्टीपासून जाते, आणि गल्लीतले बरेच पालक विचारूलेत म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडं ड्रॉइंग क्लास म्हटलं की लोअर-हायर ग्रेडच्या ड्रॉइंग परीक्षांची तयारी, डोंगर, नदी आणि कॉपी. इथं सुरुवातीला रंगच नाहीत. एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली घ्यायच्या आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पट्टी भरत न्यायची, मग चेंडू, डबा, शंकू टेबलावर ठेवून एकच दिवा लावतात आणि उजेड कुठनं येतो ते आधी बघायला लावतात. बोटानं घासून गुळगुळीत करायला सर देत नाहीत, रेघांवर रेघा मारूनच काळोख आणायचा. चेंडूच्या खालच्या कडेला टेबलावरनं परत आलेला फिकट उजेड असतो, तो सोडला की चेंडू गोल दिसतो, सगळं काळं केलं की चपटी टिकली होते. हे एवढं नीट शिकवलेलं मी दुसरीकडं बघितलेलं नाही.

आणि खरी मजा त्याच्या पुढं आहे. चंबू, कप आणि कुंद्याचा (आपल्या बेळगावच्या मिठाईचा) रिकामा बॉक्स मांडला, पोरांनी ती मांडणी समोरनं, बाजूनं, वरनं अशी एकाच कागदावर एकावर एक काढली, मग कडांच्या रेघा कागदभर वाढवल्या आणि जे तुकडे पडले त्या प्रत्येकाला एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिकट असं शेडिंग केलं. म्हणजे आधी शिकलेलं सगळं इथं कामाला आलं, फक्त उजेड आता एका दिशेनं येत नाही. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१० च्या आसपास हेच केलं, त्यालाच क्युबिझम म्हणतात, रंग पण तपकिरी आणि राखाडीच ठेवले. सरांनी ब्राकची १९०८ मधली फ्रान्समधल्या एस्ताक गावाच्या घरांची चित्रं दाखवली, ज्यांच्यावर व्होसेल नावाच्या समीक्षकानं नुसते ठोकळे, म्हणजे क्युब, म्हणून टीका केली आणि त्यातनंच पुढं क्युबिझम हे नाव आलं. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या सेझान या फ्रेंच चित्रकारानं १९०४ च्या पत्रात निसर्गाकडं नळकांडं, गोल, शंकू म्हणून बघा असं लिहिलेलं, ते ऐकल्यावर पहिल्या दिवसाचे चेंडू-डबे कशाला होते ते पोरांना आपसूक कळलं.

घरी आज्जीनं विचारलं, "काय काढूलीस गं हे, चंबू फुटलाय काय?" तर पोरगी म्हणाली, "फुटला नाही आज्जी, वरनं पण दिसूलाय आणि समोरनं पण." मला एवढंच पाहिजे होतं. रवी परांजपेंसारखा चित्रकार या गावात जन्मला, हुबेहूब चित्राची आपल्याला ओढ आहे आणि ती चांगलीच आहे, पण त्यामुळं क्युबिझमला वेडंवाकडं म्हणून सोडून देतात ते मला पटत नाही. आपल्याकडं बंगालचे चित्रकार गगनेंद्रनाथ टागोरांनी १९२० च्या दशकातच यावर स्वतःच्या वळणाचं काम केलंय.

शेवटी कोलाज होतं, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र. पिकासोनं १९१२ ला वेताची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ चित्रात चिकटवलं, इथं पोरांनी मराठी आणि कन्नड दोन्ही पेपरचे तुकडे लावले, बॅचमधी दोन्ही भाषांची पोरं आहेत आणि सर दोन्हीत समजावतात.

कमी काय? पोरं जास्त झालीत, मागच्या बाकावरनं मांडणी दिसत नाही. ट्यूबलाइट बंद केल्याशिवाय सावली नीट पडत नाही आणि ती कधीकधी चालूच राहते, सरांना सांगितलंय. कागद क्लासमधी देतात तो पातळ आहे, ६बी जोरात चालवली की फाटतो, त्यामुळं जाड कार्ट्रिज कागद आपणच खडेबाजारातनं घेऊन द्या. पाचवीच्या खालच्या पोरांना मी इतक्यात घालणार नाही, पट्टी भरतानाच कंटाळतात. बाकीच्यांनी जरूर घाला, आधी एक रविवार बसून बघू देतात.