क्रूगरच्या गेटवर कळलं की आपलं बुकिंगच नाही

मे 2025 मध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नॅशनल पार्कला स्वतः गाडी चालवत फिरायला गेलो होतो. पार्कातल्या पाच रात्रींचे सगळे पैसे भरलेले, छापील कागद फाईलमध्ये, आणि गेटवरच्या काउंटरवर कळलं की आमच्या नावावर एकही खोली नाही. 1,38,000 रुपये गेले. बरेच महिने हे लिहवत नव्हतं, आठवलं की हात थरथरायचे. आता लिहितेय कारण पुढच्या मे महिन्याची बुकिंग लोक आत्तापासूनच करायला लागलेत आणि ज्या पद्धतीनं आम्हाला फसवलं ती पद्धत साधी "चौकशी करून घ्या" म्हणून टळणारी नाही. चौकशी आम्ही केली होती.

आधी क्रूगरचं गणित थोडं सांगते. पार्क प्रचंड आहे, जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर, आणि आपली गाडी घेऊन आत फिरता येतं, डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्यावर 40 च्या वर जायचं नाही, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही. आत सरकारी कॅम्प आहेत, स्कुकुझा, लोअर साबी, सतारा वगैरे, कुंपणाच्या आत छोटी घरं, स्वयंपाकघर, पेट्रोल पंप, दुकान. ही सगळी सॅनपार्क्स या सरकारी संस्थेची, तिच्या वेबसाईटवर साधारण अकरा महिने आधी बुकिंग सुरू होतं आणि नदीकाठचे कॅम्प भराभर संपतात. लोअर साबी तर आधी जातं. इथेच मधल्या माणसाला शिरायला जागा मिळते, कारण आपण वेबसाईट उघडतो, सगळं फुल्ल दिसतं, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतो की माझ्याकडे आहे.

हा माणूस आम्हाला एका पक्षी-प्राणी फोटोवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मिळाला, कोणीतरी त्याची पोस्ट फॉरवर्ड केली होती. मराठी बोलणारा, अगदी घरच्यासारखा. पहिल्याच फोनवर मला ताई, सासूबाईंना काकू. म्हणाला मी मूळचा साताऱ्याचा, बारा वर्षं जोहान्सबर्गला आहे, आणि तुम्हाला माहितीये का ताई, क्रूगरमध्ये पण सतारा आहे! ते खरंही आहे, असं सांगतात की तिथे जमिनीचे भाग पाडले तेव्हा मोजणीवाल्याबरोबरच्या एका भारतीय माणसानं सतरा नंबरच्या भागाला "सत्रा" म्हटलं आणि त्याचं सतारा झालं. सासूबाईंचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. त्या एवढ्या खूश झाल्या की त्या दिवसापासून "साताऱ्याचा मुलगा" म्हणूनच त्याचा विषय निघायचा घरात. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणारं माणूस भेटलं की मन किती पटकन सैल होतं हे मला आता कळतंय, आणि त्याला ते आधीपासून माहीत होतं.

त्यानं लोअर साबी तीन रात्री आणि सतारा दोन रात्री असं जमवून दिलं. पैशाचा हिशोब असा पाठवला: राहणं, पार्कची रोजची फी, आणि "सेल्फ ड्राईव्ह परमिट". हे तिसरं अस्तित्वातच नाही. कोणीही परदेशी माणूस साधी भाड्याची गाडी घेऊन आत जाऊ शकतो, आपण भरायची ती रोजची कॉन्झर्वेशन फी, आम्ही गेलो तेव्हा मोठ्या माणसाला दिवसाला पाचशेच्या वर रँड आणि लहान मुलाला निम्मी (रँड तेव्हा साधारण पावणेपाच रुपये). आम्ही त्या न असलेल्या परमिटचे 18,000 भरले. पैसे त्यानं भारतातल्या एका खात्यात मागितले, "माझ्या पार्टनरचं खातं आहे, रुपयात दिलेत की टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर) लागत नाही, फॉरेक्सचे चार्जेस वाचतात." नवऱ्याला ते खटकलं होतं. तो म्हणाला आपण कार्डानं देऊ. मीच म्हटलं की उगीच दहा-बारा हजार जास्त कशाला.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरमध्ये आगाऊ 40,000 दिल्यावर त्यानं सॅनपार्क्सचं पीडीएफ पाठवलं, वर लोगो, माझं नाव, रिझर्व्हेशन नंबर, तारखा सगळं बरोबर. मी त्यावर विश्वास ठेवून गप्प बसले नाही, मी स्वतः प्रिटोरियाच्या ऑफिसला फोन लावला, नंबर सांगितला आणि विचारलं की या नावावर बुकिंग आहे का. बाईंनी तपासून सांगितलं, हो आहे. लोअर साबी, सतारा, तारखा, चार माणसं. मी फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात उरलेले 98,000 पाठवून दिले. व्हिसाच्या अर्जाला तेच पीडीएफ जोडलं, व्हिसा आला, मग तर शंकेला जागाच उरली नाही.

पण ते बुकिंग प्रोव्हिजनल होतं. म्हणजे कोणीही वेबसाईटवर जाऊन खोल्या धरून ठेवू शकतो, नंबर मिळतो, पैसे भरायला एक शेवटची तारीख मिळते, आणि तोपर्यंत पैसे आले नाहीत की ते आपोआप सुटतं. त्यानं खरोखर माझ्या नावानं खोल्या धरल्या, पीडीएफमध्ये "प्रोव्हिजनल" काढून "कन्फर्म्ड" केलं, बाकी रकमेच्या जागी शून्य टाकलं, आणि पैसे स्वतःकडे ठेवले. मी फोन केला तेव्हा ते बुकिंग खरंच जिवंत होतं! त्या बाई खोटं बोलल्या नाहीत. मी "बुकिंग आहे का" विचारलं, "पैसे भरलेत का, बाकी किती" हे विचारलंच नाही.

मबोम्बेला शहरात एक रात्र राहून आम्ही एन-फोर रस्त्यानं क्रोकोडाईल ब्रिज गेटला दुपारी एकच्या सुमाराला पोचलो. नदीवरचा तो बुटका पूल, पाण्यात पाणघोडे, मुलगा खिडकीला नाक लावून बसलेला. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला, परत टाकला, मग पासपोर्ट मागितला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझंच नाव, माझ्याच तारखा, आणि पुढे कॅन्सल्ड. पैसे न आल्यामुळे डिसेंबरमध्येच. मी माझा कागद पुढे केला, त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि बोटानं मला त्यातली शेवटची ओळ दाखवली. बाकी सगळे आकडे बारीक आणि थोडे करडे, आणि शून्य पॉइंट शून्य शून्य तेवढं काळं, जाड, रेषेच्या किंचित वर चढलेलं. पाच महिने तो कागद माझ्याकडे होता. त्या बाई हळू आवाजात सॉरी म्हणाल्या, त्यांचा काही दोष नसताना, आणि मला तिथेच रडू फुटलं. "साताऱ्याच्या मुलाला" फोन लावला तर बंद, व्हॉट्सअॅपवर एकच टिक, डीपी गायब. आदल्या रात्रीपर्यंत त्याचे "हॅपी जर्नी काकू" मेसेज येत होते.

कॅम्प सगळे भरलेले. मे महिन्यात गेट संध्याकाळी साडेपाचला बंद होतात, आत राहायची सोय नसेल तर तेवढ्यात बाहेर पडावंच लागतं. आम्ही रोजची फी परत भरली, दिवसभराचे पाहुणे म्हणून आत गेलो, कारण मुलगा काहीच बोलत नव्हता आणि ते मला बघवत नव्हतं. तासाभरानं एक गेंडा दिसला, पिल्लू बरोबर, रस्त्यापासून वीस पावलांवर (कुठे ते लिहीत नाही, शिकारीमुळे गेंड्यांची जागा कोणी सांगू नये असं तिथे सगळे पाळतात आणि आपणही पाळावं). गवत उपटल्याचा आवाज गाडीत ऐकू येत होता. सासूबाईंनी हात जोडले. मग आम्ही वेळेत बाहेर येऊन गेटजवळच्या कोमाटीपूर्ट गावात एका गेस्टहाऊसमध्ये मिळेल त्या भावानं खोल्या घेतल्या आणि रोज सकाळी सहाला गेटच्या रांगेत उभे राहिलो.

चौथ्या दिवशी स्कुकुझाच्या रिसेप्शनला विचारलं तर कोणाचंतरी कॅन्सल झालेलं एका रात्रीचं घर मिळालं. तिथेच कार्डानं पैसे भरले, खरी पावती हातात आली आणि त्यावरचं शून्य बाकीच्या आकड्यांसारखंच होतं, बारीक आणि करडं. सतारा बघायचं राहूनच गेलं.

परत आल्यावर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन केला, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस स्टेशनला जाऊन जबाब दिला. तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर खातं गोठवता येतं, तुमचे सहा महिने होऊन गेलेत. खातं कोणा तिसऱ्याच माणसाचं होतं आणि रिकामं होतं. कार्डानं दिले असते तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती, नवऱ्याचं तेव्हा ऐकायला हवं होतं.

तुम्ही कोणाकडूनही बुकिंग करा, माझं म्हणणं नाही की सगळे एजंट चोर असतात, पण सॅनपार्क्सला स्वतः ईमेल करून लेखी विचारा की या नंबरावर किती पैसे जमा आहेत आणि बाकी किती. निघायच्या आठवड्यात परत विचारा. बाकी असेल तर ती थेट त्यांनाच भरा, एजंटचं कमिशन वेगळं द्या. आणि परमिटच्या नावानं कोणी पैसे मागितले की तिथेच थांबा.

मागच्या महिन्यात माझ्या बहिणीच्या ऑफिसातल्या एकीनं मला तिचं पीडीएफ पाठवलं, "ताई जरा बघता का." नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, माणूस या वेळी कोल्हापूरचा. मी सरळ शेवटच्या ओळीवर गेले आणि झूम केलं. शून्य काळं होतं, जाड, रेषेच्या वर चढलेलं. तिचे आगाऊ 25,000 त्याच दिवशी सकाळी गेले होते, आम्ही दहा मिनिटांत 1930 ला फोन लावला. बँकेनं ते अडवून धरलेत, अजून हातात आलेले नाहीत.