'फुल इरेज'चे पैसे घेतले, मारला क्विक फॉरमॅट

जुना कॉम्प्युटर दुसऱ्याला द्यायचा होता. त्यात बँकेची स्टेटमेंट्स, ओळखपत्रांचे स्कॅन, घरच्यांचे फोटो असं सगळं होतं. म्हणून दुरुस्तीवाल्याला स्पष्ट सांगितलं: हार्ड डिस्क पूर्ण पुसा, परत काही निघता कामा नये, मगच विंडोज टाका. त्याने विंडोजचे वेगळे आणि 'फुल डेटा इरेज'चे वेगळे पैसे लावले. बिलावर तसं लिहूनही दिलं.

मशीन तासाभरात तयार! तिथेच मनात पाल चुकचुकली. डिस्क १ टीबीची, फिरत्या तबकडीची. अशी डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी लिहिते. म्हणजे ती एकदा पूर्ण शून्यांनी भरायची तर जवळपास २ तास लागणारच, विंडोज टाकायचा वेळ वेगळा.

म्हणून फोटोरेक लावून पाहिलं. हे फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर आहे. ते फोल्डर, नावं यांच्या भानगडीत पडत नाही. थेट डिस्क वाचत जातं आणि सुरुवातीच्या ठरावीक खुणांवरून जेपीईजी, पीडीएफ ओळखून बाहेर काढतं. बघता बघता फोल्डर भरायला लागलं. फाइलींची मूळ नावं गेलेली, नुसते लांबलचक आकडे. एक उघडली, तर पासपोर्टचं पान, नंबरासकट स्वच्छ वाचता येणारं. दुसरीत बँकेचं स्टेटमेंट. अंगावर काटाच आला.

जाब विचारला तर म्हणाला, "फॉरमॅट मारला की डेटा जातोच हो, तुम्ही सॉफ्टवेअर लावून उकरून काढलात." अहो, उकरून निघतो म्हणजे तो पुसलेलाच नव्हता! पैसे काही परत दिले नाहीत.

असं फसवणं सोपं जातं, कारण वरून दोन्ही सारखंच दिसतं: डिस्क रिकामी, विंडोज कोरं. पण क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फाइलींची नोंदवही नवी होते. मजकूर जागेवरच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. विंडोज टाकताना पडद्यावर येणारं 'फॉरमॅट'चं बटण हेच करतं, पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) डिलीट केल्यानेही डेटा पुसला जात नाही. 'क्विक'ची खूण काढून केलेला फॉरमॅट मात्र व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये खरोखर शून्यं लिहितो.

त्यामुळे कोणी 'फुल इरेज' म्हणालं, तर नेमकं काय चालवणार आणि किती वेळ लागेल, हे आधी विचारा. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या.

शेवटी ते काम घरीच केलं. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून शिफ्ट एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजीत आदेश टाइप करायचे: आधी डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, आपली डिस्क निवडायची आणि क्लीन ऑल, म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्यं. नुसतं 'क्लीन' दिलं तर फक्त पार्टिशनची माहिती जाते, 'ऑल' हवंच. डिस्कचा नंबर मात्र आकारावरून दोनदा तपासा आणि बाकीच्या डिस्क आधी काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसली गेली तर परतीचा रस्ता नाही. नंतर पुन्हा फोटोरेक लावलं, एकही फाइल निघाली नाही.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिप्स असलेली डिस्क असेल तर ही पद्धत वापरू नका. तिच्यात काही राखीव जागा असते, तिथपर्यंत आपलं लिहिणं पोचत नाही. त्यासाठी बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला किंवा बायोसमधला (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमधला) 'सिक्युअर इरेज' वापरा.