चोवीसशे रुपयांचा सल्ला : एनडीएच्या एका मार्गदर्शन सेवेचे सहा महिने

माझा पुतण्या भुसावळला बारावी विज्ञान शाखेत शिकत असताना आम्ही त्याच्यासाठी एका मार्गदर्शन सेवेची सहा महिन्यांची वर्गणी भरली. रक्कम २,४०० रुपये. सेवेचे नाव देत नाही, कारण खाली जे गुणदोष लिहिले आहेत ते थोड्याफार फरकाने अशा बहुतेक सेवांमध्ये सापडतील असा माझा समज आहे.

वर्गणी भरण्याची वेळ का आली तेही सांगतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत म्हणजे एनडीएत जाण्याचे त्याने दहावीच्या सुट्टीत ठरवले, आणि तोपर्यंत छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची प्रवेशप्रक्रिया संपून गेली होती. राज्य शासन ही संस्था १९७७ पासून चालवते, अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलांना तेथे ठेवून एनडीएची तयारी करून घेते आणि तिचा अर्ज दहावीत असतानाच भरावा लागतो, ही गोष्ट अजिंठ्याचा घाट चढला की पलीकडे, इतक्या जवळची असूनही आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हती. ज्या घराचे एक माणूस वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले आहे, त्या घराची ही अवस्था. वेळेवर मिळालेल्या एका वाक्याची किंमत किती असते, ते तेव्हा कळले.

सेवेचे स्वरूप साधे आहे. फोनवर एक गट, त्यात काही निवृत्त अधिकारी आणि सुभेदार हुद्द्याची माणसे, निवड मंडळाची शिफारस मिळालेली म्हणजे मुलांच्या भाषेत ‘रेकमेंडेड’ झालेली पाच-सहा मुले, आठवड्याला दोन ऑनलाइन तास आणि महिन्यातून एका रविवारी जळगावात प्रत्यक्ष बैठक. लेखी परीक्षेची तयारी यात नाही. ३०० गुणांचे गणित आणि ६०० गुणांची सामान्य क्षमता चाचणी यांसाठी नेहमीचा क्लास वेगळा लावावा लागतो. ही सेवा अर्ज, सेवा निवड मंडळाची म्हणजे एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी एवढ्यापुरती आहे. एसएसबीलाही लेखीइतकेच, ९०० गुण असतात, हे लक्षात घेतले तर विषय लहान नाही.

गटात प्रवेश मिळताच नियमांचे एक पान हाती येते. मला ते प्रथम अतिशहाणपणाचे वाटले होते. प्रश्न उमेदवाराने स्वतःच्या नावाने विचारावा. प्रश्नासोबत संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेतील कोणता भाग वाचला आणि कोठे अडले ते लिहावे. उत्तर देणाऱ्याने ते स्वतःच्या अनुभवाचे आहे, ऐकीव आहे की अधिसूचनेतले आहे, आणि अनुभवाचे असल्यास कोणत्या वर्षीचे, हे सांगावे. उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसून टाकू नये, कारण तो उद्या दुसऱ्या कोणाचा तरी असेल. शेवटचा नियम असा की निकाल काहीही लागो, तो गटाला कळवावा.

यातला पहिलाच नियम मी मोडला. रात्री अकराच्या सुमारास मी लिहिले, ‘नमस्कार सर, पुतण्याला चष्मा आहे, चालेल का?’ सकाळी एका निवृत्त सुभेदार साहेबांचे उत्तर आले होते. ‘काकासाहेब, नमस्कार. चष्मा आपला की त्याचा? त्याचा असेल तर त्याला विचारू द्या. तोवर आपण अधिसूचनेचे वैद्यकीय परिशिष्ट वाचून ठेवावे.’ मला राग आला. पैसे आम्ही मोजले आणि वर हे बोलणे ऐकायचे! दोन दिवस मी फोन उघडला नाही. मोठ्या भावाला सांगितले, तर केळीचा घड उतरवता उतरवता तो एवढेच म्हणाला, ‘बरोबर शे त्यायचं. त्याचं त्याले इचारू दे ना.’

पुढे पुतण्याने स्वतः लिहिलेला प्रश्न मी पाहिला. दोन्ही डोळ्यांचे नंबर, तपासणीची तारीख, परिशिष्टात लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे निकष वेगवेगळे दिले आहेत असा उल्लेख, उड्डाण शाखेसाठी आपण बसत नाही असे त्याने स्वतः काढलेले अनुमान, आणि शेवटी ‘माझे वाचन बरोबर आहे का?’ हे एकच वाक्य. तासाभरात दोघांची उत्तरे आली आणि दोन्ही कामाची होती. माझ्या प्रश्नाला उत्तर देणे कोणालाही शक्य नव्हते, कारण त्यात माहितीच नव्हती. एसएसबीत ज्या पंधरा गुणांची पारख होते त्यांत पुढाकार हा एक आहे. ज्याच्या वतीने काका रात्री अकरा वाजता विचारतो त्याचा पुढाकार कोणी आणि कोठे शोधायचा?

सेवेचे खरे मोल मला अर्ज आणि वैद्यकीय तपासणी या दोन ठिकाणी जाणवले. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव येते. आधार कार्डावर बहुधा आडनाव शेवटी असते. पुतण्याने विचारले की अर्जात कोणता क्रम धरावा. दिल्लीकडच्या एका मार्गदर्शकाने तत्परतेने सांगितले की आधारप्रमाणे भरा. त्याच्याकडील मुलांना हा पेच पडतच नसावा. थोड्या वेळाने धुळ्याच्या एका माजी उमेदवाराने शांतपणे लिहिले की आयोग दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानतो, नाव त्याप्रमाणेच भरावे, जन्मतारखेलाही तोच पुरावा चालतो. आणि सोबत सूचनेतले नेमके कलम जोडले. उत्तम सल्ला बहुधा आपल्यासारख्याच अडचणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाकडून येतो. मात्र त्याने कलम जोडले म्हणून आम्ही विश्वास ठेवला, तो धुळ्याचा आहे म्हणून नव्हे.

वैद्यकीय बाबतीत तर अगदी क्षुल्लक गोष्टी असतात. कानात मळ साठल्यामुळे तात्पुरते अपात्र ठरलेली मुले गटात दोन होती. अपिलाच्या तपासणीसाठी मिळणाऱ्या ४२ दिवसांत प्रश्न सुटतो, पण त्या काळात घरात कोणाला झोप लागत नाही. मुलाखतीला निघण्याच्या महिनाभर आधी कान, नाक, घसा आणि दात तपासून घ्या, हा सल्ला आम्ही पाळला. भुसावळच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत काम केले. हवाई दलाकडे ओढा असलेल्या एका मुलाला मिळालेला इशाराही असाच मोलाचा होता. वैमानिक निवडीची संगणकीकृत चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तेथे अनुत्तीर्ण झाल्यास त्या शाखेचे दार कायमचे बंद होते, तेव्हा ‘बघू तरी काय असते’ म्हणून तिला सामोरे जाऊ नये. ही एक ओळ त्या मुलापुरती तरी संपूर्ण वर्गणी वसूल करणारी होती.

आता तक्रारी. सेवेने तिसऱ्या महिन्यात ९०० रुपयांचा एक ‘तयार गोष्टींचा संच’ विकायला काढला. ज्यांना एसएसबीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: मानसशास्त्रीय चाचणीत एकामागून एक चित्रे तीस सेकंद दाखवतात आणि प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते, बारावे पान कोरे असते, त्यावर स्वतःच्या मनातली गोष्ट लिहायची. त्यानंतर पंधरा-पंधरा सेकंदांनी साठ शब्द, मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. वेळ इतका अपुरा ठेवण्याचा हेतूच हा की पाठ केलेले आठवू नये आणि मनातले बाहेर यावे. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारे अधिकारी असे तिघे एकाच मुलाला तीन बाजूंनी पाहतात. त्याला तेथे ‘मनसा, वाचा, कर्मणा’ असे म्हणतात. लिहिलेला मुलगा, बोलणारा मुलगा आणि मैदानी चाचणीत दोरावर लटकलेला मुलगा एकच निघाला पाहिजे. अशा ठिकाणी तयार गोष्टी विकणे म्हणजे मुलाला दुसऱ्याचा सदरा घालून पाठवण्यासारखे आहे.

जळगावच्या एका बैठकीला मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाचे एक चित्र दाखवले गेले, पंचवीस मुलांनी चार मिनिटे लिहिले आणि एका निवृत्त कर्नल साहेबांनी वह्या गोळा केल्या. त्यांनी आधी सगळ्या वाचल्या, मग चष्मा काढून म्हणाले, ‘अकरा रक्तदान शिबिरे झाली आहेत. रक्त घेणारा एखादा रुग्ण आहे का या खोलीत?’ मुले हसली, पण अकरा चेहरे पडले. सगळ्या अकरा गोष्टींत नायक मित्रांना जमवतो, फलक रंगवतो, शिबिर भरवतो आणि जिल्हाधिकारी त्याचा सत्कार करतात. यावल तालुक्यातल्या एका मुलाने मात्र लिहिले होते की खिडकीतला मुलगा रात्रीच्या वादळात आडवी झालेली केळीची बाग पाहतो आहे. सकाळी तो बापाला बाजेवरून उठवतो, पंचनाम्यासाठी तलाठ्याला फोन लावतो, झाडांचे फोटो काढून विम्याच्या तक्रारीची मुदत पाळतो आणि उभ्या राहिलेल्या झाडांना टेकू देतो. सत्कार वगैरे काही नाही. कर्नल साहेबांनी ती वही दोनदा वाचून दाखवली. ज्यांनी संच विकला त्याच सेवेच्या बैठकीत हे घडले, हे विशेष. पैसे घेणारा विभाग आणि शिकवणारी माणसे यांची भेट होत नसावी.

दुसरी तक्रार उत्तर देणाऱ्यांविषयी आहे आणि तिचा दोष सेवेकडे पूर्णपणे जात नाही. निवड झालेला मुलगा खडकवासल्याला जातो आणि तेथील दिनक्रमात बुडून जातो. गटात मागे राहतात ते पुन्हा पुन्हा जाऊन परतलेले. त्यामुळे रोज दिसणारा सल्ला बहुतांशी नापास झालेल्यांचा असतो. तो टाकाऊ नसतो. चार वेळा भोपाळच्या एसएसबी केंद्रावर जाऊन शेवटच्या दिवशी परतलेल्या मुलाने गाडीची वेळ, सोबत न्यायची कागदपत्रे, पहिल्यांदा जाणाऱ्यास मिळणारे तृतीय वातानुकूलित श्रेणीचे रेल्वेभाडे आणि त्यासाठी जपून ठेवायचे तिकीट याविषयी सांगितलेले सर्व अचूक निघाले. तोच मुलगा जेव्हा ‘अमुक मंडळ कडक आहे, तमुक केंद्रावर मराठी मुले घेत नाहीत’ असे सांगू लागतो तेव्हा तो माहिती देत नसतो, स्वतःची समजूत घालत असतो. अशा विधानांना ‘आपण हे कशावरून म्हणता?’ असे विचारण्याची शिस्त पहिल्या दोन महिन्यांत पाळली गेली, नंतर ढिली पडली.

याउलट, ‘माहीत नाही’ असे म्हणणारी माणसे येथे भेटली, ही मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. गटात नंदुरबार जिल्ह्यातल्या दोन मुली होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना परीक्षा खुली झाली, पहिली तुकडी २०२२ मध्ये प्रबोधिनीत दाखल झाली आणि त्यांतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये तेथून बाहेर पडल्या. म्हणजे जुन्या अधिकाऱ्यांच्या अनुभवात हा विषयच नाही. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले, उगाच तर्क लढवले नाहीत, आणि आठवड्याभरात एका सेवारत महिला अधिकाऱ्याशी त्या मुलींचे बोलणे करून दिले. त्या बोलण्याला आम्ही कोणी नव्हतो, ते योग्यच झाले.

गैरसोयही नोंदवतो. जळगावची बैठक सकाळी नऊला सुरू होते. शहादा किंवा अक्कलकुव्याच्या मुलाने त्यासाठी कधी निघायचे याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. धुळ्याला एक बैठक आलटून पालटून ठेवता येईल. ऑनलाइन तास हिंदी-इंग्रजीत होतात, हे मात्र मी दोष मानत नाही, कारण प्रश्नपत्रिकाही त्याच दोन भाषांत असते.

पुतण्या लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि भोपाळला जाऊन पहिल्याच दिवशी, चाळणीत, बाहेर पडला. संध्याकाळच्या गाडीत बसून त्याने नियमाप्रमाणे गटाला कळवले. चित्रात आपल्याला काय दिसले, एक मिनिटात आपण काय सांगितले, चर्चेत आपण दोनदाच बोललो आणि दोन्ही वेळा दुसऱ्याचे वाक्य तोडून, असे आठ ओळींत. खाली सुभेदार साहेबांचे उत्तर होते, ‘शेवटची ओळ लक्षात राहू द्या.’ भुसावळ येईपर्यंत चोपड्याच्या एका मुलाने त्याला विचारले होते की चाळणीच्या दिवशी सोबत काय काय न्यावे, आणि पुतण्या इटारसी-खंडवा मार्गावर, अधूनमधून नेटवर्क जात असताना, त्याला सविस्तर उत्तर लिहीत बसला होता.

त्याच्या वयात अजून संधी आहेत. आम्ही पुढच्या सहा महिन्यांची वर्गणी भरली आहे. गोष्टींचा संच घेतलेला नाही. या वेळी पैसे मी दिले, अर्ज त्याने भरला, आणि गटात माझा नंबर नाही.