रजा, बदल की राजीनामा? कामाचा उबग आलेल्या नोकरदारासाठी एक तुलनात्मक आढावा

सांगली-मिरज-कुपवाड परिसरात किंवा सातारा-कराड पट्ट्यात नोकरी करणाऱ्या माणसाला कामाचा उबग आला, की त्याच्यासमोर बहुधा चार वाटा असतात. लांबलचक रजा काढावी, त्याच संस्थेत विभाग किंवा शाखा बदलून घ्यावी, राजीनामा देऊन दुसरीकडे जावे, किंवा नोकरीचा नादच सोडून गावाकडची शेती बघावी. सहकारी बँकेत हा विचार मार्चअखेरच्या कामानंतर उसळून येतो, साखर कारखान्यात गळीत हंगाम संपता संपता, तर शाळेत शिक्षणेतर कामांचा ढीग वाढू लागला की. मात्र या चार वाटा एकाच दुखण्यावरचे उपाय नाहीत. रजा थकवा भरून काढते, बदल थकव्याचे कारण हलवतो आणि राजीनामा दोन्हींपासून दूर नेतो, पण त्याची किंमत सर्वांत मोठी असते. म्हणून निवड करण्याआधी आपले नेमके काय बिघडले आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, नोकरीशी निगडित अवस्था अशी ती नोंद आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. ही तिन्ही अंगे सर्वांमध्ये सारख्या प्रमाणात नसतात आणि आपल्यात कोणते अंग ठळक आहे यावर निर्णयाचा निम्मा भाग अवलंबून असतो. फक्त शक्ती संपलेल्या माणसाला विश्रांतीचा मोठा उपयोग होतो. ज्याच्या मनात कडवटपणा भरला आहे, तो महिनाभर झोपून आला तरी पहिल्याच दिवशी त्याच टेबलाशी, त्याच कडवटपणाने बसतो.

तुलनेकडे वळण्याआधी एक तपासणी करायलाच हवी. कामाबाहेरच्या गोष्टींमध्येही, म्हणजे मुलांशी खेळण्यात, आवडीच्या जेवणात, मित्रांच्या भेटीत, दोन आठवडे किंवा अधिक काळ रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटत असेल, तर प्रश्न नोकरीपुरता राहिलेला नाही. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास हेही हुबेहूब कामाच्या कंटाळ्यासारखे वाटू शकतात. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करून घेणे ही पहिली पायरी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा पातळीवरील शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते आणि ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर रजा-राजीनाम्याची तुलना बाजूला ठेवून त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगावे आणि रुग्णालय गाठावे.

आता पहिली वाट, रजा. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती परतीचा रस्ता खुला ठेवते. शासकीय कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते, ती ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि तिच्या जोडीला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा असते, जी वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते. मात्र अशा प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात. एमआयडीसीतील कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल, म्हणजे त्याचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आवश्यक तेवढी वर्गणी भरलेली असेल, तर योजनेच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो. अनेकांना हा हक्क माहीत नसतो आणि ते बिनपगारी रजेवर बसतात, याचे मला फार वाईट वाटते. खासगी आस्थापनेत किंवा छोट्या पतसंस्थेत मात्र रजेचे गणित बहुतांशी व्यवस्थापकाच्या मर्जीवर चालते आणि ‘मार्चएंड झाल्यावर बघू’ हे उत्तर तेथे बारा महिने मिळते.

रजेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सुट्टीमुळे मिळालेला तजेला कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो, असे याविषयीच्या संशोधनात वारंवार आढळले आहे. तजेला किती मिळतो हे दिवसांच्या संख्येपेक्षा त्या दिवसांत मन कामापासून किती सुटले यावर अधिक अवलंबून असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबीने झोननटाग यांनी कामातून सावरण्याच्या ज्या अनुभवांचा अभ्यास केला, त्यांत शिथिल होणे, नवे काही शिकणे आणि वेळेवर स्वतःचा ताबा असणे यांच्याबरोबर कामापासून मनाने दूर होणे हा महत्त्वाचा भाग आहे. शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर तासाला डोकावत महाबळेश्वरला चार दिवस काढण्यापेक्षा फोनवरचा तो गट बंद करून घरीच राहणे अधिक उपयोगी ठरते. रजेच्या अर्जावर वैयक्तिक कारण लिहून, कोणाकडे काय सोपवले आहे याची लेखी यादी देऊन जाणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. ती यादी नसेल तर रजेच्या तिसऱ्या दिवशी फोन सुरू होतात.

दुसरी वाट, म्हणजे त्याच संस्थेत कामाचे स्वरूप बदलून घेणे, ही माझ्या मते सर्वांत उपेक्षित आणि अनेकांसाठी सर्वांत योग्य वाट आहे, त्यामुळे तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू. क्रिस्तिना मास्लाक आणि मायकेल लायटर या संशोधकांनी माणूस आणि नोकरी यांचे बिनसते अशी सहा ठिकाणे दाखवली आहेत: कामाचा बोजा, कामावरील स्वतःचे नियंत्रण, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी असलेले नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. स्वतःच्या नोकरीला ही सहा ठिकाणे लावून पाहिली, तर बहुतेकांना एक-दोनच ठिकाणे खरोखर बिघडलेली दिसतात. वसुली विभागात रोज थकबाकीदाराच्या दारात उभे राहावे लागणाऱ्या बँक अधिकाऱ्याचे दुखणे कामाचे तास हे नसून मूल्यांचे असू शकते. घरातले दागिने मोडायला निघालेल्या माणसासमोर उभे राहणे त्याला सोसत नाही. त्याच माणसाला कर्जमंजुरीत किंवा प्रशिक्षणात बसवले, तर संस्था तीच, पगार तोच आणि उबग मात्र बराच निवळू शकतो. कुपवाडच्या एखाद्या फौंड्रीतील पर्यवेक्षकाची तक्रार रात्रपाळीच्या अनिश्चिततेची असेल, तर पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी मिळणे हा पगारवाढीपेक्षा मोठा दिलासा ठरतो, कारण त्यातून नियंत्रण परत हाती येते.

या वाटेसाठी मागणी नेमकी असावी लागते. ‘फार ताण होतोय साहेब’ एवढे सांगितले तर सहानुभूती मिळते, काम कमी होत नाही. त्याऐवजी आपल्याकडे असलेली कामे कागदावर मांडून, त्यातली कोणती दोन दुसऱ्याकडे द्यावीत, कोणते वरचेवर मागवले जाणारे विवरणपत्र आठवड्यातून एकदाच द्यावे, ग्राहकांना भेटण्याची वेळ कोणती ठेवावी, असे बोलणे व्यवस्थापकालाही सोपे जाते. बदलीचेही तसेच आहे. जत किंवा आटपाडीच्या शाखेतून सांगलीत येणे हा प्रवासाचा प्रश्न असेल तर ती जरूर मागावी. पण त्रास वरिष्ठाचा असेल आणि तो वरिष्ठही दर तीन वर्षांनी बदलणार असेल, तर आपण हलण्याआधी तो कधी हलणार याची चौकशी करणे शहाणपणाचे आहे. ज्या संस्थेत पगार थकतो, खोट्या सह्या करायला सांगितल्या जातात किंवा अपमान हीच कामाची पद्धत आहे, तेथे मात्र ही वाट बंद समजावी. तेथे विभाग बदलून काही साधत नाही.

राजीनामा तेथेच योग्य ठरतो, आणि त्याशिवाय आपली वाढ पूर्ण थांबली आहे अशा ठिकाणीही. त्याचा लाभ निश्चित असतो: बिघडलेले नाते एका पत्राने संपते. पण त्याची किंमत मोजताना पगाराबरोबर इतर गोष्टीही धराव्यात. कायम नोकरीत सलग ५ वर्षे सेवा पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, त्यामुळे साडेचार वर्षांवर घाईने बाहेर पडणारा माणूस दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम गमावतो. गृहकर्जाचा हप्ता पगारखात्यातून जात असेल, कुटुंबाचा आरोग्य विमा मालकाच्या गट-योजनेत असेल, तर दोन्हींची पर्यायी सोय पत्राआधी व्हायला हवी. शिवाय सांगलीतून बाहेर पडणाऱ्याला बहुधा पुणे दिसते. तेथे पगार वाढतो. पण भाडे, रहदारी आणि आई-वडिलांपासूनचे अंतर हेही वाढते, आणि ज्याचे दुखणे कामाचा बोजा हेच आहे त्याचा बोजा पुण्यात कमी होईलच असे नाही. सातारा किंवा कराडच्या माणसाला शिरवळपर्यंतच्या उद्योगपट्ट्यात घर न सोडता शोध घेता येतो, हा त्याचा फायदा त्याने आधी वापरावा.

चौथ्या वाटेविषयी, शेतीविषयी, मला काळजीने लिहावेसे वाटते, कारण ती थकलेल्या मनाला सर्वांत जास्त ओढ लावते. तासगाव, पलूस किंवा मिरज तालुक्यात वडिलोपार्जित द्राक्षबाग असलेला नोकरदार बागेत एक रविवार काढतो आणि त्याला वाटते की खरे आयुष्य हेच. पण त्याने पाहिलेला रविवार म्हणजे बाग नव्हे. एप्रिलच्या आसपासची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, तिच्यानंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने ढग पाहून फवारण्या, फुलोऱ्यात पाऊस झाला तर एका रात्रीत गळकूज, मग बेदाण्याचा भाव काय निघेल याची वाट पाहणे. बर्नआउटच्या सहा ठिकाणांच्या भाषेत सांगायचे तर नियंत्रणाचा अभाव आणि मोबदल्याची अनिश्चितता ही दोन्ही दुखणी शेतीत नोकरीपेक्षा तीव्र आहेत. उसात कष्ट तुलनेने कमी असले, तरी आडसाली पीक दीड वर्ष शेतात असते. कारखान्याने ऊस नेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराची रक्कम, द्यावी असा नियम असूनही ती वेळेवर मिळण्यासाठी आंदोलने करावी लागली आहेत, हे या भागातल्या कोणाला सांगायला नको. ज्याला मातीचे काम खरोखर आवडते आणि ज्याच्या घरात बाग जाणणारे हात आहेत, त्याने ही वाट जरूर धरावी. मात्र नोकरी असतानाच एक पूर्ण हंगाम, दोन्ही छाटण्यांसह, जबाबदारी घेऊन काढावा. केवळ पळ काढायचा म्हणून शेतीत जाणे हा घराच्या जमिनीवरही अन्याय आहे.

समुपदेशन किंवा मानसोपचार ही स्वतंत्र पाचवी वाट म्हणून मी मोजत नाही, कारण ते कोणत्याही वाटेबरोबर चालते आणि कोणत्याही वाटेवर उपयोगी पडते. लहान शहरात ‘कोणी पाहिले तर’ ही भीती खरी असते. तिच्यासाठी सांगलीकराने मिरजेला आणि सातारकराने कराडला जाण्यात काही गैर नाही, आणि फोनवरच्या सेवेत ती भीतीही उरत नाही.

मग निवड कशी करावी? शरीर थकले आहे पण काम अजूनही आवडते, असे असेल तर रजा पुरेशी आहे, आणि परतल्यावर बोजा कमी करण्याचे बोलणे रजेवर जाण्याआधीच व्हावे. काम आवडते पण त्यातला ठरावीक भाग असह्य झाला आहे, तर बदल मागावा. कामच आवडत नाही असे वाटत असेल, तर ते किती काळ वाटते आहे हे पाहावे: तीन महिने असेल तर आधी रजा, मग निर्णय, दोन-तीन वर्षे असेल आणि विभाग बदलूनही तसेच असेल, तर नवी नोकरी शोधायला लागावे, आणि तोपर्यंत सध्याच्या नोकरीत फक्त आवश्यक तेवढेच काम ठरल्या वेळेत करावे. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी नसताना आणि पुढचे पत्र हातात नसताना राजीनामा देणे मी फक्त एकाच परिस्थितीत योग्य मानतो, ती म्हणजे नोकरीमुळे प्रकृतीला धोका असल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले असेल आणि रजेचा कोणताही प्रकार मिळत नसेल.

हा निर्णय मार्चअखेरच्या आठवड्यात, लेखापरीक्षणाच्या दिवसांत किंवा रात्रपाळीच्या सकाळी घेऊ नये. किमान दहा-बारा दिवसांची सलग रजा घेऊन, तिच्या शेवटच्या दिवसांत, घरात ज्याच्या कमाईवर किंवा कष्टावर या निर्णयाचा परिणाम होणार आहे त्या व्यक्तीसोबत बसून तो घ्यावा. बहुतेक घरांत ती व्यक्ती पत्नी किंवा पती असते, आणि बहुतेक घरांत तिला हा प्रश्न राजीनामा लिहून झाल्यावर कळतो.