आईबरोबर नऊ महिने आणि ९६ सिनेमे: हॉलमार्कच्या प्रेमकथांचा अनुभव

ऑक्टोबरात आई कराडहून आमच्याकडे ओटावाला आली. बाबा श्रावणात गेले होते. त्याआधीचे अकरा दिवस मी आणि दादा आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून होतो. आतलं दार उघडायचं, कोणीतरी बाहेर यायचं, आणि ते बोलेपर्यंत जीव नुसता टांगणीला. इकडे परत आल्यावर मला टीव्हीवर काही बघवेना. खून, तपास, कोर्ट, कुणाच्या तरी घराचं दार जोरात वाजणं, सगळ्यानंच छातीत धडधडायचं. मराठी मालिका लावायच्या तर आईला त्या नको होत्या. "घरातलीच माणसं एकमेकांच्या मुळावर उठलेली बघवत नाहीत गं आता," म्हणाली.

अशात एका रात्री डब्ल्यू नेटवर्कवर हॉलमार्क या अमेरिकी कंपनीचा सिनेमा लागला होता. कॅनडात त्यांचे सिनेमे या वाहिनीवर दाखवतात. "हॉलमार्क म्हणजे सोन्यावर असतो तो?" आईनं विचारलं. तोवर पडद्यावर एक मुलगी शहरातली नोकरी चार दिवस बाजूला ठेवून गावी आली होती आणि आजीची बेकरी बंद पडायच्या बेतात होती. आम्ही शेवटपर्यंत बघितला. आई उठली, ओटा पुसला आणि म्हणाली, "उद्या पण असतो का?"

त्याला आता नऊ महिने होतील. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती, त्यामुळे तिनं लगेच एक वही घातली. तारीख, सिनेमाचं नाव, दहापैकी गुण आणि शेवटी शेरा. आज त्या वहीत ९६ नोंदी आहेत. एवढे बघितल्यावर या सिनेमांबद्दल चार शब्द लिहायचा अधिकार आला असं मला वाटतं. शिवाय परदेशात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच जणांकडे आईवडील येऊन सहा-सहा महिने राहतात आणि संध्याकाळी बरोबर बसून काय बघायचं हा प्रश्न घरोघरी असतो.

"कोण काढतं एवढे सिनेमे?" आईनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, म्हणून मी शोधून काढलं. कंपनी मूळची शुभेच्छापत्रांची. १९१० साली जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बुटांच्या दोन खोक्यांत पोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीला आला आणि विकायला लागला, तिथून ही सुरुवात. १९५१ च्या नाताळच्या आदल्या रात्री, एनबीसी या वाहिनीनं टीव्हीसाठी मुद्दाम लिहून घेतलेला ऑपेरा त्यांनी प्रायोजित केला, आणि तिथून त्यांची टीव्हीवरची परंपरा सुरू झाली. हॉलमार्क नावाची स्वतंत्र वाहिनी मात्र २००१ ची, आणि नाताळच्या सिनेमांचा सलग रतीब २००९ पासूनचा. आता ऑक्टोबर उजाडला की नाताळचे सिनेमे सुरू होतात. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनचे, जूनमध्ये लग्नांचे, जुलैत पुन्हा नाताळचे. शुभेच्छापत्र विकणाऱ्या माणसालाच असे सिनेमे सुचणार, असं आई म्हणाली. दोन ओळी लिहायच्या, पण समोरच्याला बरं वाटलं पाहिजे.

सिनेमा साधारण ८५ मिनिटांचा, जाहिरातींसकट दोन तास. पटकथा नऊ भागांत बांधलेली असते, प्रत्येक भागानंतर जाहिराती. आईला ही बांधणी फार सोयीची पडली. तिसऱ्या जाहिरातीला बीपीची गोळी, सहाव्याला दुधाला विरजण, आठव्याला मात्र जागेवरून हलायचं नाही, कारण आठवा भाग संपतो तेव्हा दोघांचं बिनसलेलं असतं. पहिलं चुंबन अगदी शेवटच्या मिनिटांत. त्याआधी एकदा जवळ येतात, तेवढ्यात कोणाचा तरी फोन वाजतो. पाचव्या-सहाव्या सिनेमानंतर मी आईला आधीच सांगायला लागले, "आता फोन येणार बघ." तिला ते आवडलं नाही. "कहाणी वाचताना मध्ये बोलतेस का?" म्हणाली.

आणि तिथे मला उमगलं. आमच्या घरी श्रावणात रोज त्या त्या वाराची कहाणी वाचली जायची. आई पाटावर बसून वाचायची, आम्ही हातात तांदूळ घेऊन ऐकायचो. आटपाट नगर असायचं, तिथे एक गरीब ब्राह्मण असायचा, आवडती-नावडती असायची. नावडतीचं भलं होणार हे पाचव्या वर्षीसुद्धा मला ठाऊक होतं. तरी दरवर्षी तिला गोठ्याकडे धाडली की घशात आवंढा यायचा, आणि सुफळ संपूर्ण म्हणेपर्यंत हातातले तांदूळ घामानं ओले व्हायचे. शेवट माहीत नसता तर माझं सगळं लक्ष शेवटाकडे गेलं असतं. माहीत असल्यामुळे ते नावडतीकडे राहायचं. ती काय खाते, कुणाशी बोलते, तिच्याशी कोण चांगलं वागतं.

या सिनेमांचं अगदी तसंच आहे. ते गाव म्हणजे आटपाट नगरच. मधोमध चौक, एक कॉफीचं दुकान, एक जुनी सराई, आणि सगळ्यांना सगळ्यांचं नाव माहीत. कोण कुणाला मिळणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि एकदा ते कळलं की माझे खांदे खाली येतात. मग मी बघते की तो तिच्या हातातलं जड खोकं न विचारता घेतो. बाप मुलीच्या केसांची वेणी घालायला शिकतोय. रागावलेला म्हातारा शेवटी दिव्यांची माळ सोडवायला येऊन बसतो. अकरा दिवस मी फक्त शेवट काय होणार एवढ्याच विचारात होते, बाबांचा हात कसा दिसत होता तेही मला नीट आठवत नाही. त्यामुळे ज्यात शेवटाची काळजी करावी लागत नाही अशा गोष्टीची किंमत मला आता कळते. "सगळे सारखेच तर असतात," असं लोक नाक मुरडून म्हणतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण सारखं असणं हा दोष आहे असं मला आता वाटत नाही.

आईचं कारण वेगळं निघालं. या सिनेमांत विधुर फार. बायको जाऊन तीन-चार वर्षं झालेला, एक लहान मुलगी असलेला, कमी बोलणारा माणूस. मला वाटलं आईला त्रास होईल, म्हणून पहिल्या वेळी मी रिमोट हातात घेऊन बसले होते. आई टक लावून बघत होती. गोष्ट नायिकेपर्यंत पोचली, दोघं हसायला लागली, तरी शेकोटीवरच्या फळीवर त्या गेलेल्या बायकोचा फोटो होता तिथेच होता. "काढला नाही बघ फोटो," आई म्हणाली. "आणि ती नवीन पण त्याच्याकडे बघून हसते." वहीत त्या सिनेमाला नऊ गुण आहेत आणि शेऱ्यात फक्त "फोटो" असं लिहिलंय.

दुसरं म्हणजे नाताळच्या झाडावर टांगायच्या वस्तूंचं खोकं. बहुतेक सिनेमांत ते एकदा तरी माळ्यावरून खाली येतं. पातळ कागदात गुंडाळलेला काचेचा गोळा, शाळेत असताना केलेला वेडावाकडा तारा, आणि मग गेलेल्या माणसाच्या हातची एखादी वस्तू. पात्र ती उचलतं आणि गप्प होतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आई म्हणाली, "आपल्या गौरींच्या पेटीसारखंच की." कराडच्या घरी गौरींचे मुखवटे एका पत्र्याच्या पेटीत असतात, आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले. शेजारी कापसाची वस्त्रं, मोत्याच्या माळा, आणि बाबांनी कुठल्याशा वर्षी मखरासाठी कापलेली थर्माकोलची कमळं, पिवळी पडलेली. बाबा श्रावणात गेले, त्यामुळे भाद्रपदात ती पेटी उघडलीच नाही. पुढे बराच वेळ आई काही बोलली नाही. जाहिराती लागल्या तरी विरजण लावायला उठली नाही.

भाषेची अडचण फारशी आली नाही. संवाद सावकाश, स्पष्ट, आणि खाली इंग्रजी अक्षरं. दोन महिन्यांत आई शब्द अडल्याशिवाय वाचायला लागली आणि नव्या शब्दांचे अर्थ आमच्या चिरंजीवांना विचारायला लागली. तो तेरा वर्षांचा आहे. आजीबरोबर बसायचं निमित्त मिळालं म्हणून तोही येऊन टेकायला लागला. लेसी शॅबेर ही आईची लाडकी नटी. तिनं हॉलमार्कसाठी तीसहून जास्त सिनेमे केलेत. दर वेळी वेगळं नाव, वेगळा धंदा, पण आई तिला "आपली लेसी" म्हणूनच ओळखते.

आता खटकलेलं. शेवटचा गैरसमज फार वेळा आळसानं लिहिलेला असतो. दाराआड उभं राहून अर्धं वाक्य ऐकायचं आणि न विचारता गाव सोडायला निघायचं. कालपर्यंत एवढी समजूतदार असलेली मुलगी एक साधा प्रश्न विचारत नाही, हे पटत नाही. अशांना आईनं सरसकट चार गुण दिलेत. नायिकेनं शहरातली बरी नोकरी सोडून देणं हेही मला नेहमी पचत नाही. मी ज्या नोकरीसाठी इतकी लांब आले, ती काही फक्त चकचकीत इमारत नाही, तिच्यावर आमचं घर चालतं. हल्ली काही सिनेमांत ती काम सोडत नाही, गावातून करते. ते बरं वाटतं. बरीच वर्षं मुख्य जोड्या जवळपास सगळ्या गोऱ्याच असायच्या, हेही बदलतंय. मुख्य पात्रांमध्ये समलिंगी जोडपं असलेला त्यांचा पहिला नाताळपट २०२० साली आला. मूल दत्तक मिळायची वाट बघणारं जोडपं आहे त्यात. तो आम्ही जानेवारीत बघितला. मी जरा आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती म्हणाली, "मिळू दे बाई त्यांना बाळ." आठ गुण.

एक सूचना अनुभवातून करते. डिसेंबरात आम्ही रोज एक बघत होतो. ओटावाला तेव्हा सव्वाचार-साडेचारलाच अंधार पडतो, बाहेर उणे पंधरा-वीस, जायचं कुठे? पण फेब्रुवारीत दोघींनाही नकोसं झालं. गुण सगळे पाच-सहा पडायला लागले. मग तीन आठवडे बंद ठेवलं, आणि आठवड्यातून दोनच बघायचं ठरवलं. मार्चपासूनचे सिनेमे आम्हाला जास्त आठवतात. ज्यांना दुःख सविस्तर, खोलात जाऊन मांडलेलं हवं, त्यांनी इथे येऊ नये, कारण इथे माणूस तीन वर्षांपूर्वी गेलेला असतो. पहिले तीन महिने कसे जातात ते हे सिनेमे दाखवत नाहीत. ते आम्ही सोफ्यावर बसून आमचे आम्ही काढले.

जूनमध्ये आईला अल्मॉन्टला घेऊन गेले. आम्ही ओटावाच्या कनाटा भागात राहतो, तिथून अर्ध्या तासावर, नदीकाठी जुन्या लोकरीच्या गिरण्यांचं छोटं गाव. बास्केटबॉल शोधून काढणाऱ्या नेस्मिथचा जन्म याच परिसरातला, त्यांचा पुतळा मुख्य रस्त्यावर बाकावर बसवलाय. नाताळाचे कितीतरी टीव्ही सिनेमे इथे चित्रित झालेत. त्यातले बरेच ऐन उन्हाळ्यात, साधारण तीन आठवड्यांत उरकलेले, फेस आणि पांढरी आंथरूणं पसरून बर्फ केलेला, नट-नट्या लोकरी कोटात. आईला हे मी आधी सांगितलं नव्हतं, तिचा विरस होईल म्हणून. तिथे पोचल्यावर तिनं दुकानांची रांग ओळखली, आणि मग मी सांगितलं. ती धबधब्याच्या कठड्याला हात ठेवून उभी राहिली. "एवढ्या उन्हात कोट घालून?" म्हणाली. "आणि कसं हसतात गं तरी." पुतळ्याशेजारी बसून तिनं फोटो काढून घेतला. बाबांच्या मोबाइलवर, जो ती अजून वापरते.

पुढच्या आठवड्यात ती परत चाललीय, बाबांचं वर्षश्राद्ध आहे. वही बरोबर नेतेय. काल वहिनीशी फोनवर बोलत होती. औषधं, विमान, पाऊस किती झाला, सगळं झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून ठेव गं. थर्माकोलची कमळं आहेत त्यात, ती टाकू नकोस. या वर्षी तीच लावू."