पाच महिने सात्यांची नोंद: आयनॅचरलिस्ट वापरून आलेला अनुभव

मृग लागला तेव्हा आयनॅचरलिस्ट हे निसर्गातल्या नोंदी ठेवायचं मोफत ॲप फोनमध्ये टाकलं, आता धान कापणीला आलंय. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या शिवारात बारकी सात्या कुठे आणि कधी निघते, एवढंच मला लिहून ठेवायचं होतं. सात्या म्हणजे आमच्याकडची रानातली अळंबी. बोटाच्या पेराएवढी पांढरी छत्री, मधोमध टोक, एका जागी शेकड्यांनी. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस. मोठ्या सात्यांचा दांडा जमिनीतून थेट वारुळापर्यंत गेलेला असतो, हिचा नाही. वाळवी वारुळात वाढवलेल्या आपल्या बुरशीच्या बागेचे तुकडे बाहेर आणून टाकते, त्यांवर ही उगवते. त्यामुळे नुसतं वारूळ पाहून ती सापडत नाही.

जंगलात नेटवर्क नाही, पण त्यावाचून काही अडलं नाही. नोंद फोनमध्ये राहते, घरी येऊन चढवायची. जीपीएसला मात्र वेळ द्या. सुरुवातीला मी कॅमेऱ्याचं लोकेशन चालूच केलं नव्हतं, त्या नोंदींची जागा पुढे हाताने नकाशावर लावावी लागली. आता झाडाखाली मिनिटभर थांबतो, अचूकतेचा आकडा दहा मीटरच्या आत आला की मगच फोटो.

वरून काढलेला एकच फोटो पुरत नाही. खालच्या पाकळ्या, दांडा, बाजूची माती, सगळं हवं. ॲप नाव सुचवतं, माणसं तपासतात, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं तरच नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. माझ्या बऱ्याच नोंदी अजून 'टर्मिटोमायसेस' एवढ्यावरच आहेत आणि मला ते योग्य वाटतं. मी एक छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवतो. सकाळी गुलाबीसर ठसा उमटला तर त्याचाही फोटो जोडतो. हिरवट ठसा आला तर ती सात्या नव्हेच. तशी एक विषारी छत्री असते. ॲपने नाव सुचवलं म्हणून कोणीही काहीही खाऊ नका.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाची सोय जागा झाकण्याची. शेजारच्या आजी पावसाळ्यात सात्या विकतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाबू, जागा कोणाले सांगू नोको." झाकलेली नोंद इतरांना साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दिसते. पण त्यासोबत तारीखही झाकते, लोकांना फक्त महिना आणि वर्ष कळतं. 'कधी' हेच शोधणाऱ्याला हे खटकेल, मलाही खटकलं. टिपेत दिवस लिहावा असं मनात आलं, पण तीच तारीख माझ्या दुसऱ्या उघड्या नोंदींवर असते, त्यावरून जागा शोधता येते. म्हणून टिपेत आता फक्त 'धुऱ्यावर (बांधावर), वारुळाजवळ, रोवणा (धानाची लावणी) चालू' एवढंच.

नेमका दिवस आणि नक्षत्र वहीत लिहितो. ती वही आजी दर आठवड्याला वाचून घेतात आणि माझी एखादी नोंद चुकली तर तिथेच दुरुस्त करतात.